मिस्त्रींच्या फोनमधला चेंडू

मी चेंडू बोलतोय. मला उचलायला हात पुढे कराल तर बोटाला नुसती काच लागेल. मी रबराचा नाही, प्लॅस्टिकचाही नाही. मी फोनमधला चेंडू आहे. गोल्फ नावाचा एक साहेबी खेळ असतो ना, ज्यात माणसं टोप्या घालून मैलभर चालतात आणि एवढ्याशा चेंडूला एवढ्याशा भोकात घालून घरी परततात, त्या खेळाची ही फोनमधली, साध्या माणसांची आवृत्ती. टोपी लागत नाही, चालावं लागत नाही. एक बोट पुरतं.

आकाराने मी मसुराच्या दाण्याएवढा. तोरा मात्र कलिंगडाएवढा आहे, हे आधीच कबूल करतो.

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. जाड चष्म्याची एक मुलगी आणि तिचा जोडीदार असे दोघं मिळून मला घडवत होते. दोघांपैकी एकानेही खरं गोल्फचं मैदान पाहिलेलं नव्हतं. मुलीने स्वयंपाकघरातला एक मोठा ट्रे आणला, त्याच्या एका बाजूखाली पुस्तक सरकवलं आणि वरून काचेचा मणी सोडला. मणी कसा वळतो, कुठे रेंगाळतो, कुठे पळ काढतो, ते ती आठवडेच्या आठवडे बघत बसली आणि सगळं आकड्यांत लिहीत गेली. ते आकडे म्हणजे मी.

जोडीदार म्हणायचा, "जमिनीला उतार कशाला देतेस? सपाट ठेव. लोकांना सोपं जाईल."

ती म्हणायची, "सपाट जमिनीवर कुणाला काय कळलंय?"

मुलगी जिंकली. शिवाय उतार डोळ्यांना दिसावा म्हणून तिने हिरवळीवर बारीक पांढरे ठिपके सोडले. ते उताराच्या दिशेने सरकत असतात. उतार जास्त तिथे भरभर, कमी तिथे रमतगमत. एवढी सोय करून ठेवली बिचारीने, आणि शंभरातली नव्वद माणसं त्या ठिपक्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना फक्त झेंडा दिसतो. झेंडा दिसला की बोट शिवशिवतं, आणि मग मी पाण्यात.

खेळायची पद्धत सोपी आहे. बोट माझ्यावर टेकवायचं, मागे ओढायचं आणि सोडायचं. बेचकी चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. जितकं मागे ओढाल तितका मी लांब जाणार. पण इथेच माणसाची खोड आड येते. ओढता येतंय म्हणून तो शेवटपर्यंत ओढतो. अहो, भोक चार बोटांवर आहे! मला तिथे जायचंय, परदेशी नाही.

या फोनमध्ये मला आणलं ते चिंगीने. नावावर जाऊ नका. चिंगी सव्वीस वर्षांची आहे आणि दारातून आत येताना तिला मान किंचित झुकवावी लागते. ती वडिलांच्या हाताखाली फरशीचं काम करायची. फरशी कापणं, सिमेंटचा माल कालवणं, सांधे भरणं. माल सुकेपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागायचं, तेव्हा ती मला खेळायची. बरी खेळायची, पण धसमुसळी. पहिल्या फटक्यात काम उरकायची घाई. पुढे एकदा फोन हातातून निसटून नव्या कोऱ्या फरशीवर पडला. फरशीला ओरखडाही गेला नाही, फोनचा कोपरा मात्र तडकला. चिंगीने नवा फोन घेतला आणि हा वडिलांना दिला.

वडील म्हणजे मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, बायकोसुद्धा चिडली की मिस्त्रीच म्हणते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी उकिडवं बसून लोकांच्या पायांखाली फरश्या घातल्या. त्यांच्या खिशात मी आठ महिने सिमेंटची धूळ खात पडून होतो. फोन त्यांना एवढ्यापुरताच ठाऊक होता की वाजला की कानाला लावायचा आणि समोरचा माणूस पलीकडच्या टेकडीवर उभा आहे अशा बेताने ओरडायचं.

मग मिस्त्रींचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, "तीन महिने उकिडवं बसायचं नाही. नंतरही जपूनच."

"मग मी करायचं काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"खुर्चीत बसायचं," डॉक्टर म्हणाले.

अठ्ठावीस वर्षांत खुर्चीत बसणं हा काही उद्योग असतो हे मिस्त्रींना माहीत नव्हतं. पाय स्टुलावर, पाठीला उशी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. नळ नीट बंद का नाही केला, दार का करकरतंय, समोरच्या भिंतीची ती तिसरी टाइल कुणी बसवली होती. "तुम्हीच," बायको म्हणायची आणि व्हॅनची किल्ली उचलून बाहेर पडायची. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. तीस मुलं एकीकडे आणि मिस्त्री एकीकडे ठेवले तर ती मुलं घेईल, असं तिने स्वतःच सांगितलंय.

पण या कटकटीच्या मुळाशी एक वेगळीच गोष्ट होती. ऑपरेशनच्या आधी मिस्त्रींनी एक काम घेतलं होतं. एका बाईंना कुत्र्यांना अंघोळ घालायचं दुकान काढायचं होतं. मागच्या बाजूला लांबट खोली, तिथे एका वेळी चार कुत्री न्हाणार. म्हणजे पाणीच पाणी. आणि पाणी जायची जाळी मधोमध नाही, पार मागच्या दाराच्या कोपऱ्यात. सगळ्या खोलीचं पाणी आपोआप त्या कोपऱ्यात गेलं पाहिजे. त्यासाठी फरशीला जो बेताचा उतार द्यावा लागतो, त्याला हे लोक ढाळ म्हणतात. ढाळ चुकला की पाणी मध्येच तळ्यासारखं साचतं, आणि मग सगळी फरशी उखडण्यावाचून दुसरा इलाज नसतो.

मिस्त्रींच्या हातून अठ्ठावीस वर्षांत कुठेही पाणी साचलं नव्हतं. ती त्यांची मिरवायची एकच गोष्ट होती.

बाईंनी निरोप पाठवला की दुकान उघडायचा दिवस ठरलाय, पाटी रंगवून झालीय, महिनाअखेरपर्यंत थांबते, नाहीतर दुसरा माणूस बघते.

"मी करते ना, बाबा," चिंगी म्हणाली.

"फरशी तू बसवशील गं. फरशीचं काही नाही. पण ढाळ?"

"मग शिकवा."

"ढाळ काय शिकवायची गोष्ट आहे? हाताला कळतं ते."

"कुणाच्या हाताला?"

खरं सांगायचं तर चार वर्षं चिंगी त्यांच्या हाताखाली होती, पण ढाळ लावायची वेळ आली की मिस्त्री तिला दोरीचं एक टोक धरायला लावायचे, स्वतः गाल जमिनीला टेकवून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "खाली… अजून… जरा वर… बास." चार वर्षांत ढाळाच्या शिक्षणातून तिच्या पदरात एवढाच एक शब्द पडला होता. बास. का बास, ते कधी कळलं नाही.

त्या दिवशी चिंगी रागावून म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला जमणार नाही." मिस्त्रींनी ते खोडून काढलं नाही. मला वाटतं तेच तिला जास्त लागलं. जाता जाता तिने फोन उघडून मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "हे खेळा. निदान नळाच्या मागे लागू नका."

असा मी मिस्त्रींच्या हाती लागलो.

आता त्यांनी काय केलं ते ऐका. जगात आणखी कुणी असं केलं असेल तर मी माझं नाव बदलीन. त्यांनी बायकोला हत्यारांच्या पिशवीतून पाणसळ काढायला लावली. पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्या नळीत हवेचा बुडबुडा असतो, आणि जमीन सपाट असेल तर तो बरोबर मध्ये उभा राहतो. मांडीवर ट्रे घेतला, ट्रेवर फोन, फोनवर पाणसळ. फोनच्या एका कोपऱ्याखाली वर्तमानपत्राची घडी, दुसऱ्याखाली बसचं तिकीट. बुडबुडा मध्ये आल्यावर समाधानाने मान हलवली आणि मला मारलं.

मी डावीकडे वळलो आणि पाण्यात पडलो.

मिस्त्रींनी पाणसळ पुन्हा ठेवली. बुडबुडा मध्ये. पुन्हा मारलं. मी पुन्हा पाण्यात. तिसऱ्यांदा त्यांनी तिकिटाची घडी बदलली. मी पाण्यातच.

"फोन लेव्हलमध्ये आहे," मिस्त्रींनी निकाल दिला. "चेंडूच लबाड आहे."

मला इतका राग आला! लबाड? मी? एका काचेच्या मण्याच्या पुण्याईवर उभा असलेला प्रामाणिक चेंडू! चार दिवस हा प्रकार चालला. शेवटी बायकोने व्हॅनच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, खेळातली जमीन खेळात आहे. तुमच्या ट्रेमध्ये नाही."

"तू खेळून दाखव."

तिने बोट पार खालच्या कडेपर्यंत ओढलं आणि सोडलं. मी मैदान, झाडं, कुंपण ओलांडून दिसेनासा झालो. "बघा, किती लांब गेला," ती खूश होऊन म्हणाली. बाई अजूनही तशीच खेळते. तिला भोकाशी देणंघेणंच नाही. तेवढ्यात तिने एक नियम मात्र घालून दिला: एक मैदान संपलं की दहा वेळा गुडघा वाकवायचा. मिस्त्रींच्या गुडघ्याने पुढे जी प्रगती केली तिचं श्रेय डॉक्टर स्वतःकडे घेतात. मी काही बोलत नाही.

पाचव्या दिवशी मिस्त्री चष्मा शोधत होते. शोधता शोधता फोन मांडीवर तसाच उघडा राहिला. चष्मा सापडला, नाकावर चढला, आणि पहिल्यांदाच त्यांनी मला न मारता नुसतं मैदानाकडे बघितलं.

"अगं ए," ते एकट्यानेच ओरडले, "हे ठिपके चाललेत कुठे?"

खोलीत कुणी नव्हतं. ते पुढे वाकले. स्टुलावरचा पाय कळवळला, पण त्यांना भान नव्हतं. "ढाळ आहे हा! इकडून असा… आणि इथे वळलाय." त्यांनी फोन गालाशी नेला, एक डोळा मिटला आणि काचेच्या कडेवरून बघितलं. त्याने काहीही दिसत नाही, पण सवय ती सवय. मग त्यांनी बोट टेकवलं, अर्ध्याहूनही कमी ओढलं आणि भोकाच्या दिशेने नव्हे तर चांगलं उजवीकडे सोडलं. मी उजवीकडे निघालो, उताराला लागलो, वळलो आणि अलगद आत गेलो. माझ्या आयुष्यात मला इतकं समजून कुणी मारलं नव्हतं.

त्यानंतर मिस्त्री सुटलेच. तुम्हाला खेळायचं असेल तर त्यांच्याकडून शिका. ते आधी दोन बोटांनी सगळं मैदान लहान करून बघायचे. वाळू कुठे, पाणी कुठे, भिंत कुठे. "घर बघितल्याशिवाय पिशवी उघडायची नाही," असं स्वतःशी पुटपुटायचे. वरच्या कोपऱ्यातला वाऱ्याचा बाण बघायचे, पण मी जमिनीवरूनच सरपटत जाणार असेन तर त्याची पर्वा करायचे नाहीत. वारा उडणाऱ्या चेंडूला छळतो, सरपटणाऱ्याला नाही, हे त्यांना कुणी न सांगता कळलं. पवनचक्की आडवी आली की तिची तीन पाती सुखाने जाऊ द्यायचे. भिंत आली तर वैतागायचे नाहीत, कॅरमच्या सोंगटीसारखं मला तिच्यावर आपटून वळवायचे. आणि लागोपाठ तीनदा चुकलं की फोन उलटा करून ठेवायचे. चौथा फटका रागाचा असतो आणि तो नेहमी पाण्यात जातो, हे मी लाखो फोनांमधल्या माझ्या भावंडांच्या वतीने सांगतो.

अशी शेहेचाळीस मैदानं त्यांनी पार केली आणि सत्तेचाळिसाव्यावर अडकले.

सत्तेचाळिसावं मैदान म्हणजे त्या चष्मेवाल्या मुलीचा खवचटपणा आहे. लांबट हिरवळ, आणि भोक पार डाव्या कोपऱ्यात. एक उतार समोरून येतो, दुसरा बाजूने, आणि दोन्ही मध्येच कुठेतरी एकमेकांना मिळतात. सरळ झेंड्याकडे मारलं तर मी भिंतीला जाऊन चिकटतो. मिस्त्री सहा दिवस झुंजत होते.

सहाव्या दिवशी दुपारी चिंगी घरी आली. बाईंच्या दुकानाची मापं घेऊन आली होती. खांद्यावर टेप, तोंड उतरलेलं. कुठल्याशा व्हिडिओत बघून ढाळाचा आकडा तिने पाठ केला होता, पण आकडा एका बाजूचा होता आणि खोलीला बाजू चार. पाणी पिऊन तिने सहज वडिलांच्या मांडीवर डोकावून बघितलं.

"बाबा, ही तर बाईंची खोली आहे."

"काय?"

"अशीच लांबट. जाळी अशीच कोपऱ्यात. द्या इकडे."

तिने फोन हिसकावला आणि सवयीप्रमाणे सरळ झेंड्याकडे मारलं. मी भिंतीला चिकटलो.

"चेंडूकडे काय बघतेस?" मिस्त्री म्हणाले. "झेंड्याकडेही बघू नकोस. इथे बादलीभर पाणी ओतलंय असं समज. कुठून जाईल ते?"

चिंगी थांबली. तिने काचेवर बोट टेकवलं आणि ठिपक्यांच्या मागे मागे नेलं. "इथून खाली येईल. हे बाजूचं पाणी याला इथे भेटेल. मग दोघं मिळून… असं… कोपऱ्यात."

"हां. मग याला त्या वाटेवर नेऊन सोड. पुढचं ती वाटच बघून घेईल."

तिने सोडलं. मी वाटेला लागलो, वळलो, आणि भोकाच्या अलीकडे नखभर अंतरावर थांबलो. मी हळहळलो. पण चिंगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती वडिलांकडे बघत होती.

"बाबा, हे तुम्ही चार वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. "मला तरी कुठे माहीत होतं, मला हे सांगता येतं म्हणून?"

त्या दिवसापासून आमच्या घरी शाळा भरली. रोज दुपारी चिंगी वही घेऊन बसायची. मिस्त्री एकेक मैदान उघडायचे आणि बोलायचे, आणि ते बोलत होते तरी कशाबद्दल, माझ्याबद्दल की पाण्याबद्दल, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "लांबून येणारं दमलेलं असतं. त्याला वाटेत सपाट जागा मिळाली की ते बसतं. म्हणून लांबच्या बाजूला जरा जास्त दे." "फार दिलास तर माणूस घसरेल, आणि हा चेंडू भोकावरून उडी मारून जाईल. तहान असेल तेवढंच." "दोन ढाळ मिळतात ती रेघ आधी ठरव, मग बाकी सगळं. रेघ चुकली की संपलं." "शेवटच्या हातभरात घाई नको. तिथेच सगळ्यांचं बिघडतं." चिंगी लिहून घ्यायची, मग मला मारायची, चुकायची, का चुकलं ते सांगायची. धसमुसळेपणा हळूहळू गेला. मी जिच्या हातून निम्मा वेळ पाण्यात असायचो, तिच्याच हातून आता कडेकडेने चालायला लागलो. मला तिचा फार अभिमान वाटायचा. वाटायला नको, मी तिच्या हातचा मार खाल्लेला चेंडू आहे, पण वाटायचा.

एवढं सगळं होऊनही मिस्त्रींनी "जा, कर" असं म्हटलं नव्हतं. ते तोंडातून निघेना. शेवटी एका सकाळी चिंगीच पिशवी खांद्याला लावून उभी राहिली. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काम सुरू करताना पहिलं काय?"

"तोंड बंद," ती म्हणाली. "जाळीच्या पाइपात कापडाचा बोळा. माल आत जाता कामा नये."

"बरोबर," मिस्त्री म्हणाले. तिला तेवढं पुरलं. ती मान झुकवून दारातून बाहेर पडली.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. मिस्त्रींना तिला फोन करायचा नव्हता. तिला वाटेल बाबांचा भरवसा नाही. म्हणून फोन करायची हुक्की आली की ते मला मारायचे. नंबर काढायचे, बंद करायचे, मला मारायचे. आणि कसं, तर बायकोसारखं, पार शेवटपर्यंत ओढून. सत्तेचाळिसाव्या मैदानाच्या चारी भिंतींची चव मी घेतली. गुडघा मात्र छान वाकायला लागला होता.

नवव्या दिवशी दुपारी बायको जेवणाची भांडी घासत होती. मिस्त्री खिडकीपाशी बसले होते. आज तिकडे पाणी ओतून बघणार, हे दोघांना ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते. मिस्त्रींनी बोट टेकवलं, ओढलं, यावेळी बेताने, आणि सोडलं. मी पहिल्या टेकाडावरून उडालो आणि तेवढ्यात फोन वाजला.

मी हवेत होतो. फोन आला की खेळ जिथल्या तिथे थांबतो. म्हणजे आता जे सांगणार आहे ते सगळं मी अधांतरी लटकलेल्या अवस्थेत ऐकलंय, हे लक्षात घ्या.

व्हिडिओ कॉल होता. चिंगीचा चेहरा दिसला. चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, साचलं."

मागून बाईंचा आवाज आला, "हो ना, चांगलं तळं झालंय हो मिस्त्री." त्यांच्याही मागे एक कुत्रा भुंकला. आवाजावरून वासराएवढा असावा.

बायको ओल्या हातांनी धावत आली. चिंगीच बोलत राहिली. "एक बादली ओतली. पाणी साचलंय. तुमचं नाव घालवलं मी, बाबा. अठ्ठावीस वर्षांत नाही झालं ते झालं. मी आजच उखडते. छिन्नी आहे माझ्याकडे."

"थांब," मिस्त्री म्हणाले. ते ओरडले नाहीत. आठ महिने आणि वर इतके दिवस मी त्यांच्या फोनमध्ये होतो, इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "छिन्नी खाली ठेव. पाणी ओतलंस कुठे?"

"लांबच्या भिंतीपाशी. तुम्ही म्हणता तिथेच."

"तिथे आहे आता?"

"तिथे नाही."

"मध्ये?"

"मध्येही नाही. कोरडं आहे."

"मग कुठे साचलंय?"

"कोपऱ्यात. जाळीवरच."

"सगळं?"

"सगळं बाबा. सगळं येऊन तिथेच उभं राहिलंय."

मिस्त्री खुर्चीत मागे टेकले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी मला वाटलं रडतायत. हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"अगं, आलंय ना बरोबर! जिथे यायला हवं होतं तिथेच आलंय! पोरी, बोळा! बोळा काढलास का?"

मग फोन कुणाच्या तरी हातात कोंबल्याचा आवाज. आता बाई फोन धरून होत्या, म्हणून दिसलं. चिंगी गुडघ्यांवर बसली, जाळी उचलली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि एक काळपट, लिबलिबीत फडकं बाहेर ओढलं. पाण्याने घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज काढला. एक भोवरा फिरला. तळं बशीएवढं झालं, बटणाएवढं झालं, गेलं. ओली फरशी तेवढी चकाकत राहिली. कुत्रा मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याने अंग झाडलं. ते थेंबसुद्धा बघता बघता कोपऱ्याकडे चालायला लागले.

चिंगी तशीच बसून होती, हातात फडकं. "बाबा?" ती म्हणाली.

मिस्त्रींनी फोन डोळ्यांपाशी नेला. फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली. गाल टेकवला असता, पण टेकवायला जमीन इथे नव्हती.

"बास," ते म्हणाले.

चिंगीने फडक्यानेच तोंड झाकलं, ते किती घाण आहे याचा विचार न करता. मिस्त्रीणबाई मिस्त्रींच्या खांद्याला ओले हात पुसत राहिल्या.

"रडतेस काय," मिस्त्री म्हणाले, "मी माझ्या पहिल्या कामात बोळा विसरलो होतो आणि दोन फरश्या फोडल्या होत्या. तू एकही फोडली नाहीस."

"हे कधी सांगितलं नाहीत."

"हे कशाला सांगेन?"

कॉल संपला. खेळ पुन्हा सुरू झाला आणि मी हवेतून खाली आलो. टेकाडाच्या पलीकडे पडलो, उताराला लागलो, दोन ढाळ मिळतात त्या रेघेवर आलो आणि कोपऱ्याकडे निघालो. शेवटच्या हातभरात अजिबात घाई केली नाही. टुप्प करून आत. सत्तेचाळिसावं मैदान, एका फटक्यात! माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर फटका, आणि बघायला चिटपाखरू नाही. मिस्त्री बायकोला पाणी कसं गेलं ते हातवारे करून सांगत होते. तिने स्वतः बघितलं होतं, तरी ती ऐकत होती.

हे सगळं झालं तासाभरापूर्वी. आता मुद्द्यावर येतो, कारण मला फार वेळ नाही.

आत्ताच चिंगीने दुसऱ्या बादलीचा व्हिडिओ पाठवलाय. लांबच्या भिंतीपासून कोपऱ्यापर्यंत, सगळा. मिस्त्रींनी तो ठेवून घ्यायला बोट लावलं तर फोनने सांगितलं, जागा अपुरी आहे. जुना फोन, जागा ती किती असणार. काय काढायचं त्याची यादी समोर आली. यादीत सर्वांत वर मी आहे. सर्वांत जाड.

मिस्त्रींनी चष्मा चढवला. काढायच्या आधी एकदा मला उघडलं. "अगं, हा आत गेलाय!" ते ओरडले. "हा कधी आत गेला?"

"मला काय विचारता," बायको म्हणाली.

ते थोडा वेळ त्या कोपऱ्यातल्या भोकाकडे बघत राहिले. "चिंगीचं पाणी गेलं तेव्हाच गेला असेल," ते म्हणाले आणि काचेवरून अंगठा फिरवला, फरशीवरची धूळ पुसतात तसा. लबाड म्हणाले होते मला. तो अंगठा मिळाला, फिटलं.

मला वाईट वाटतंय का? वाटतंय. कितीही म्हटलं तरी पुढे सत्तर मैदानं शिल्लक होती, आणि असा खेळणारा पुन्हा मिळायचा नाही. पण या माणसाला आता खुर्चीत बसून बघायला माझ्यापेक्षा चांगलं काहीतरी मिळालंय, आणि ते काही मी नाकारू शकत नाही.

तेव्हा मंडळी, माझं कुणी भावंड तुमच्या फोनमध्ये असेल तर एवढं करा. आधी सगळं मैदान बघा. ठिपके कुठे चाललेत ते बघा. झेंड्यासाठी जीव टाकू नका, आणि शेवटपर्यंत ओढू नका हो, आम्हाला लागतं. आणि जे तुम्हाला येतं, ते हाताला कळतं म्हणून हातातच ठेवू नका. शेजारी कुणीतरी दोरीचं टोक धरून उभं असतं.

फोन विचारतोय, नक्की काढायचं का. मिस्त्रींचं बोट खाली येतंय. बेताने, घाई न करता.

निघतो. माझ्या जागेवर आता चिंगीचं पाणी वाहणार आहे.